बहिऱ्या पाद्र्याला टेकण्याची परंपरा

नेदर टॉल्बी गावाच्या वरच्या माळावर एक दगड उभा आहे. तो तिथे काही हजार वर्षे आहे असे जाणकार म्हणतात, आणि एवढ्या काळात त्याने कोणाविरुद्ध एकही तक्रार केलेली नाही. त्यामुळेच त्याच्याकडे सरकारी लक्ष जायला इतका उशीर झाला.

गावात त्याला बहिरा पाद्री म्हणतात. खांदे पाडून उभ्या राहिलेल्या पाद्र्यासारखा तो दिसतो आणि त्याला काहीही सांगितले तरी ते गावात फुटत नाही. चर्चमधल्या पाद्र्याबद्दल असे छातीठोकपणे सांगता येत नाही. याच दगडाला टेकून बसलेले असताना विल्फ्रेड चबने डोरीनला लग्नाचे विचारले होते. विल्फ्रेड तेव्हा माळाखालच्या रस्त्यावरची बस चालवायचा. स्वभाव इतका बुजरा की त्या दिवशी तो बराच वेळ नुसता हवेबद्दल बोलत राहिला. शेवटी डोरीनच म्हणाली, "काय विचारायचंय ते विचारून टाक. सँडविचं मऊ पडायला लागलीत."

तेव्हापासून दर सप्टेंबरात त्या तारखेला दोघे वर जात, पाद्र्याला पाठ लावून, दरीकडे तोंड करून बसत, अंड्याची सँडविचे खात आणि थर्मासमधला चहा पीत. मुलेबाळे झाली नाहीत. त्यावर दोघांचे जे काही बोलणे झाले ते पाद्र्यासमोरच झाले. अलीकडे डोरीनची नजर गेली होती. कडेचे अंधुक दिसे, समोरचे काहीच नाही. दरी आता तिला नवऱ्याच्या तोंडून ऐकावी लागे, आणि तो ती थांबे पुकारल्यासारखी सांगे: "चर्च. मग ओढा. मग गुरं." दगड मात्र कोणी सांगायची गरज नसे. उन्हात तापलेला दगड पाठीला लागला की ती म्हणे, "हं. पोचले मी."

त्या वर्षी ती दोघे वर गेली तेव्हा दगडाभोवती दोरखंड होता आणि दोरखंडाजवळ पिवळे जाकीट घातलेला नॉर्मन पेग्लर उभा होता. नॉर्मन त्यांचा शेजारी. दर शुक्रवारी पबमध्ये विल्फ्रेडच्या पैशाने एक ग्लास पिण्याचा त्याचा परिपाठ होता.

"नमस्कार साहेब, नमस्कार बाईसाहेब," नॉर्मन म्हणाला. "प्राचीन स्थळ संगोपन मंडळातर्फे आपलं स्वागत. कृपया दोरीच्या बाहेरून अनुभव घ्या."

"नॉर्मन, काल तू माझं कुंपण कापायचं यंत्र घेऊन गेलास," विल्फ्रेड म्हणाला.

"ते जाकीट नसताना, साहेब."

"आम्हाला नुसतं टेकायचंय रे."

"टेकल्यानं दगड झिजतो. दर पाठीला एक कण, असं तज्ज्ञांचं म्हणणं आहे."

तेवढ्यात एक मेंढी दोरीखालून आत शिरली आणि पाद्र्यावर मनसोक्त अंग घासू लागली. विल्फ्रेड आणि नॉर्मन तिच्याकडे पाहत राहिले. डोरीनने नुसता आवाज ऐकला.

"हे कोण घासतंय?" तिने विचारले.

"मेंढी," नॉर्मन म्हणाला. "मेंढ्या परिसराच्या मूळ स्वरूपात मोडतात, बाईसाहेब. माणसं नाही मोडत."

त्या दिवशी त्यांनी सँडविचे दोरीबाहेर उभ्यानेच खाल्ली. उतरताना डोरीन काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर बायको बोलली नाही तर काय समजायचे हे विल्फ्रेडला कळत होते. जन्मात कधी वरिष्ठांकडे न गेलेला तो माणूस दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन मंडळाच्या कचेरीत जाऊन बसला.

अभ्यागत-अनुभव अधिकारी फिलिपा रॅन्सम यांनी त्यांचे म्हणणे फार आस्थेने ऐकून घेतले. बाई तरुण होत्या, हसतमुख होत्या, आणि नाही म्हणताना मान होकारार्थी हलवीत.

"चब साहेब, तुमच्या भावना मला अगदी पोचल्या. पण एकाला टेकू दिलं तर सगळेच टेकतील. नियमाला अपवाद एकच आहे, अखंड चालत आलेली स्थानिक परंपरा. तिला आम्ही हात लावू शकत नाही." त्या थोड्या पुढे वाकल्या. "तुम्ही परंपरा आहात का?"

"आम्ही चब आहोत," डोरीन म्हणाली.

"म्हणजे, हे तुम्ही दर वर्षी करता? त्याच दिवशी? तेच खाता? तसंच बसता?"

"दुसरं काय करणार?" विल्फ्रेड म्हणाला.

"मग तुम्ही परंपरा आहात," बाई म्हणाल्या, आणि चब दांपत्याची रीतसर नोंदणी झाली. विल्फ्रेडला बाहेर येताना इतका आनंद झाला होता की त्याने बसमध्ये अनोळखी माणसाला स्वतःहून हवेबद्दल विचारले.

आनंद साधारण महिनाभर टिकला. नोंद झालेल्या परंपरेचे जतन करणे मंडळाला बंधनकारक होते, आणि वर्षातून एकदाच होणारी परंपरा अभ्यागतांना पाहायला मिळत नाही, अशी अडचण निघाली. न दिसणारी गोष्ट जतन झाली की नाही हे तपासायचे कसे? म्हणून परंपरा दर रविवारी करण्याचे ठरले. मग शनिवारीही. विल्फ्रेड तयार झाला, कारण डोरीनला दगड आठवड्यातून दोनदा मिळणार होता.

पहिल्या रविवारी नॉर्मनने त्यांना पाद्र्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवले.

"दरी तिकडे आहे," विल्फ्रेड म्हणाला.

"मोटारतळ इकडे आहे, साहेब. दरीत प्रेक्षक नसतात."

शेजारी एक फलक लावला होता. विल्फ्रेडने तो बायकोला वाचून दाखवला. त्यावर लिहिले होते की अंडे हे सृजनाचे प्रतीक असून, ही जोडी सुगीच्या तोंडावर प्राचीन सुफलन विधी करीत आहे.

"या वयात?" डोरीन म्हणाली. "गावात तोंड कसं दाखवू मी?"

"अंड्याऐवजी चीज आणूया मग."

चीज आणता येईना. परंपरेत बदल करायचा तर उपसमितीची मंजुरी लागत होती, आणि उपसमितीच्या मते अंडे हाच विधीचा गाभा होता. विल्फ्रेडला अंडी सोसेनाशी झाली, तरी तो चावत राहिला. लोक येत, पाहत, मुलांना दाखवत. एका बाईने डोरीनला विचारले, "तुम्ही खऱ्या आहात का?" डोरीन म्हणाली, "सोमवार ते शुक्रवार." त्यानंतर परंपरेने अभ्यागतांशी बोलू नये असा नियम झाला आणि दोरखंड त्या दोघांच्याही भोवती घेण्यात आला.

एवढे सगळे चालून गेले असते, कारण पाठीला दगड होता. पण ती दोघे आता दर आठवड्याला टेकू लागल्यामुळे दगडाची झीज वाढली असल्याचे तज्ज्ञांच्या लक्षात आले. परंपरा थांबवता येत नव्हती. तिला संरक्षण होते. दगड झिजू देता येत नव्हता. त्यालाही संरक्षण होते. यावर मंडळाने मोठ्या कल्पकतेने तोडगा काढला आणि पाठ व दगड यांच्या मध्ये एक जाड, पारदर्शक फळी बसवली. बघणाऱ्याला ती दिसत नसे.

डोरीन बसली. तिने पाठ टेकली, जरा हलली, पुन्हा टेकली.

"विल्फ, मी कुठे आहे?"

"पाद्र्यापाशी."

"नाही," ती म्हणाली. "दंतवैद्याच्या खुर्चीत आहे."

विल्फ्रेड उठला. भर विधीत, अर्धे सँडविच हातात धरून तो दोरी ओलांडून बाहेर आला आणि नॉर्मनला म्हणाला, "फळी काढ."

"मला अधिकार नाही, साहेब."

"शुक्रवारचा ग्लास बंद."

नॉर्मनचा चेहरा पडला. क्षणभर तो जाकिटाच्या आतून बोलल्यासारखा बोलला, "विल्फ, माझी नोकरी जाईल रे." मग लगेच सावरून, "अभ्यागतांनी कृपया मागे सरकावं."

परंपरा खंडित झाल्याचा अहवाल वर गेला. सोबत अभ्यागतांची मतेही गेली. त्यात बहुतेकांनी लिहिले होते की दगड ठीक आहे, पण म्हातारा-म्हातारी अस्सल वाटत नाहीत. म्हातारा जांभया देतो. म्हातारी भलतीकडेच बघते. प्राचीन काळी असे नसावे.

फिलिपा रॅन्सम स्वतः चबांच्या घरी आल्या, येताना केक घेऊन आल्या. मान होकारार्थी हलवत म्हणाल्या, "आम्हाला तुमची फार काळजी वाटते. वारा, ऊन, गर्दी. तुमची झीज होतेय."

"झीज फळीच्या अलीकडे होते वाटतं," डोरीन म्हणाली.

"जगभर पद्धत आहे, बाई. मूळ वस्तू सुरक्षित जागी ठेवायची आणि उघड्यावर प्रतिकृती मांडायची. तुमच्यासाठी ब्रिस्टलहून दोन गुणी नट मिळालेत. तिशीतले आहेत, पण केसांचं आम्ही बघतो."

"आणि आम्ही?" विल्फ्रेडने विचारले.

"तुम्ही मूळ. तुम्ही इथेच राहायचं, घरी."

"आम्ही टेकायला वर जायचं नाही?"

"दोन-दोन जोड्या दिसल्या तर लोक गोंधळतील, चब साहेब. खरी कोणती ते कळणार नाही."

केक बरा होता. ती दोघे तो खात असताना वर माळावर त्याच न्यायाने पाद्र्याचीही व्यवस्था लागत होती. पुढच्या सप्टेंबरात विल्फ्रेडने तिकिटे काढली. तिकिटाशिवाय कधी कोणाला बसमध्ये न घेतलेला तो माणूस. स्वतःच्या लग्नाच्या दगडाचे तिकीटही त्याने निमूटपणे काढले. वर पोचल्यावर त्याने पाहिले तर दोरखंडात एक देखणा म्हातारा आणि एक देखणी म्हातारी दगडाला रेलून एकमेकांच्या डोळ्यांत बघत होती. दगडही देखणा होता. जरा जास्तच. वाऱ्याची झुळूक आली की तो किंचित हलत असे.

"नॉर्मन," विल्फ्रेड हळू आवाजात म्हणाला, "पाद्री कुठे आहे?"

नॉर्मनने इकडेतिकडे पाहिले. मग त्याने पिवळे जाकीट काढले, नीट घडी घालून बगलेत धरले आणि म्हणाला, "उपाहारगृहाच्या मागे. कचऱ्याच्या पेट्यांपाशी. गोदाम होईस्तोवर तिथेच आडवा ठेवलाय." जाकीट परत अंगात घालून तो म्हणाला, "आपला दिवस आनंदात जावो, साहेब."

पाद्री ताडपत्रीखाली कुशीवर पडला होता. विल्फ्रेडने एक कोपरा उचलला, डोरीनला हाताला धरून खाली बसवले आणि स्वतः तिच्या शेजारी बसला. तिने पाठ लावली. मग तळहातानेही दगड चाचपून पाहिला.

"गार पडलाय," ती म्हणाली.

"त्यालाही घरी बसवलंय."

"तोंड कुठल्या बाजूला आहे आपलं?"

विल्फ्रेडने समोर पाहिले. पेट्या होत्या, भटारखान्याचे दार होते आणि दोन इमारतींच्या फटीतून त्या नटांच्या जोडीच्या पांढऱ्या केसांच्या टोपांचे शेंडे दिसत होते. "दरीकडे," तो म्हणाला.

तेवढ्यात पेट्यांच्या कडेने एक माणूस फोन उंच धरून मागे मागे सरकत आला. चांगला सज्जन माणूस होता, बायकामुलांसह लांबून आला होता. "आजोबा, जरा त्या बाजूला होता का?" तो अदबीने म्हणाला. "मागे खरी जोडी यायला हवी फोटोत."

विल्फ्रेड सरकला. डोरीन सरकली नाही. तिला वाटले तो दुसऱ्या कोणाशी बोलतोय.

फोटो मात्र सुरेख आला. तुम्ही पाहिला असेलच, परवा सकाळी चहा पिता पिता तुम्ही फोनवर त्याला पसंतीचा अंगठाही दिलात. त्याच्याखाली पहिले मतही तुमचेच होते: जागा अप्रतिम, फक्त डाव्या कोपऱ्यात कुण्या म्हातारीचे कोपर आले आहे, तेवढे कापून टाका.