परांजपेकाकांचं चहाचं अक्षर

परांजपेकाकांकडे चहाला गेलेला माणूस चहा न पिताच परत आला, असं अनेकदा घडलेलं आहे. चहा तयार असायचा. पण आधी अक्षर.

२००५ साली मी पुण्याहून हॉलंडमधल्या बेस्ट या गावी नोकरीसाठी आलो, तेव्हा काका माझ्या वरच्याच मजल्यावर राहायचे. वय पंचावन्न, मशिनं बसवायच्या कामावर तैवान-जपान फिरलेले. तिकडून लोक पंखे नाहीतर बाहुल्या आणतात, यांनी चहाचं चिनी अक्षर आणलं. पातेल्याच्या वाफेने खिडकीची काच धुरकटली की काका बोटाने तिच्यावर ते काढायचे. "हे बघ. वर गवत, मधे माणूस, खाली झाड." मुळात हे म्हणे कुठल्याशा कडू पाल्याचं अक्षर होतं. पुढे त्यातली एक रेघ कमी केली आणि चहा झाला. मग त्याचा प्रवास सुरू. जपानमध्ये तो 'चा', आणि तिथे तपकिरी रंगालाही चहाचाच रंग म्हणतात. व्हिएतनामात 'त्रा'. कोरियात कधी 'छा', कधी 'दा'. "आणि चीनमधल्याच फुच्येन प्रांतातल्या व्यापाऱ्यांकडे 'ते'! डचांनी त्यांच्याकडून घेतला, म्हणून यांचा 'टे', आणि आपला 'चा'वरून चहा!"

मधेच कुणी कपाकडे हात नेला की, "थांब, अजून मुरतोय."

खरं सांगतो, मला वैताग यायचा. बेस्टमधल्या मराठी मंडळींना काकांचा फोन आला की पोरांचे सर्दी-खोकले आठवायचे. मला तीही सोय नव्हती. माझी सायकल खाली उभी आहे हे काकांना वरून दिसायचं.

नोव्हेंबरमधला एक रविवार. दुपारी तीनलाच दिवे लावावे लागले होते. काकांची मुलगी मीरा डेल्फ्टहून आली होती. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि मीरा महिन्यातून एकदा, डायरीत बघून, तासाभरासाठी यायची. काकांनी मलाही बोलावलं होतं. चहा उकळला. काकांनी काचेवर अक्षर काढलं.

मीराने घड्याळ पाहिलं. "बाबा, कॅन वी जस्ट ड्रिंक इट?"

"थांब, अजून मुरतोय. तर ती डच जहाजं..."

"माय ट्रेन इज ॲट फोर, बाबा." तिने उठून कोट चढवला, त्यांच्या गालाला गाल लावला आणि निघून गेली. काकांनी बाहीने काचेवरचं अक्षर पुसलं आणि मीरा दिसेनाशी होईपर्यंत ते खाली बघत राहिले.

मी चिडलोच. "काका, आधी चहा देऊन टाकायचा ना!"

"दिला की संपतो रे," ते म्हणाले. "संपला की माणूस कप ठेवतो आणि 'चला, निघतो' म्हणतो. तुम्ही सगळे तसेच. हिची आई होती तेव्हा दोघी तास न् तास बसायच्या, मला मधे बोलायला मिळायचं नाही. आता बोलायला मीच उरलोय, तर तिच्याशी काय बोलायचं तेच सुचत नाही. हे अक्षर तेवढं येतं."

इतके रविवार मी त्या घरातून सुटायची वाट बघत होतो. मला माझीच लाज वाटली.

"काका, कोरियाचं सांगा ना," मी म्हटलं.

"तुला पाठ आहे ते."

त्यांनी चहा गाळला. एक अक्षरही न बोलता, पहिल्यांदाच. कप माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "पी. तुलाही जायचं असेल."