गोमतीवहिनींचा संगणक सुरू होतो

बाळांनो, एका जंगलात तळ्याकाठी गोमती नावाची सारस पक्षीण राहत होती. सारस जोडीने ओरडतात. एकाने हाक दिली की दुसरा उत्तर देतो. गोमतीचा जोडीदार मागच्या उन्हाळ्यात विजेच्या तारेला लागून गेला. त्याच्या हाका मात्र तिच्या संगणकात होत्या. रोज सकाळी ती त्या ऐकायची, उत्तर द्यायची आणि मग चरायला जायची.

एके सकाळी संगणक सुरूच झाला नाही. पडदा काळा आणि त्यावर एकच पांढरी ओळ: सिस्टिम सापडत नाही.

शेजारचा साळिंदर म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. तंत्रमणीला बोलावतो."

तंत्रमणी हा वानर. जंगलातले सगळे संगणक तोच दुरुस्त करी. त्याला एकच इलाज येत होता, त्यामुळे निदान करण्यात त्याचा वेळ जात नसे.

"सिस्टिम उडालीय," तो म्हणाला. "फॉरमॅट मारून नवी टाकावी लागेल."

"आत ह्यांच्या हाका आहेत," गोमती म्हणाली.

"बॅकअप घेतलाय?"

"तो काय असतो?"

तंत्रमणीने साळिंदराकडे पाहिलं. साळिंदराने मान हलवली. एव्हाना बरेच प्राणी जमले होते. बॅकअप घ्यायला हवा होता, असं प्रत्येकाने गोमतीला सांगितलं. त्यांच्यापैकी कुणीही कधी घेतला नव्हता.

संगणकाच्या मागे एक पेनड्राइव्ह खोचलेला होता. आदल्या दिवशी रानमांजर गाणी भरून द्यायला आलं होतं, ते तो तिथेच विसरून गेलं होतं. संगणक बिचारा त्या पेनड्राइव्हमध्येच सिस्टिम शोधत बसला होता. तंत्रमणीला स्वतःचा पेनड्राइव्ह लावायचा होता, म्हणून त्याने तो उपसून बाजूला ठेवला. आजार तेवढ्यानेच गेला होता.

"आता एकदा संगणक सुरू करून बघायचा का?" गोमतीने विचारलं.

"वहिनी, असं काही होत नसतं," तंत्रमणी म्हणाला.

पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसू का?

"जरा थांबा," गोमती म्हणाली. तोवर त्याचं बोट 'हो'वर पडलं होतं.

दुपारपर्यंत संगणक सुरू झाला. झटकन सुरू झाला. पडद्यावर कुठल्याशा परदेशी डोंगराचं चित्र आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि हाका?"

"डिस्क एकदम स्वच्छ झालीय, वहिनी. नव्यासारखी."

तेवढ्यात रानमांजर आलं. "माझा पेनड्राइव्ह काल इथेच लावलेला राहिला बहुतेक," ते म्हणालं.

तंत्रमणीने बाजूला ठेवलेला पेनड्राइव्ह त्याला दिला. मग गोमतीकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "बघा, कुणाचेही पेनड्राइव्ह लावून घेता, म्हणून ही वेळ येते."

हे सगळ्यांना पटलं.

गोमती संगणकासमोर उभी राहिली. मान उंच करून तिने हाक दिली. तळ्यापलीकडचे बगळेसुद्धा उडाले. मग ती थांबली. बराच वेळ थांबली.

तंत्रमणी पुढे वाकला, पडद्याकडे निरखून पाहत म्हणाला, "आवाजाचा ड्रायव्हर टाकायचा राहिला वाटतं. उद्या येतो."

तात्पर्य: दुरुस्ती झाली की नाही हे नेहमी यंत्राला विचारावे, मालकाला विचारू नये. दोष मात्र मालकालाच द्यावा. तो घरीच असतो आणि लगेच सापडतो.