मामांचं घट्ट रक्त

आमच्या दगडूमामांना पातळ काहीही चालत नाही. वरणात चमचा उभा राहिला पाहिजे. ताडकळसच्या एका लग्नात त्यांनी वाढप्याला थांबवून सांगितलं, "ह्यातली डाळ हरवलीय बघा. सापडली की वाढा." शब्द फिरवणारा माणूसही त्यांच्या लेखी पातळच.

अशा माणसाला डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली.

मामांच्या मेंदूतली एक नस फुग्यासारखी फुगली होती. मांडीतल्या नसेतून तार घालून तिथे बारीक जाळी बसवायची ठरली. रक्त पातळ नसेल तर जाळीवर गाठ होऊन लकवा मारतो, म्हणून आधी या गोळ्या. मामी गेल्यापासून मामा चारठाण्याला एकटेच राहतात. मला जिंतूरला ठेवून शिकवलं ते त्यांनीच. घराण्यातला पहिला पदवीधर मी, म्हणून परभणीच्या दवाखान्यात मामा मलाच पुढे करतात. "तू शिकलेला हाईस, तूच बोल."

तपासणीचा कागद आला. रक्त होतं तसंच होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एकतर यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, नाहीतर यांच्या अंगाला त्या लागू पडत नाहीत. त्याला रेझिस्टन्स म्हणतात. नक्की काय ते सांगा. लागू पडत नसेल तर गोळीच बदलावी लागेल."

रेझिस्टन्स म्हणजे प्रतिकार, एवढं मला शाळेपासून पाठ. मी मामांना म्हणालो, "तुमचं रक्त विरोध करायलंय."

"रक्त माजं हाय," मामा म्हणाले, "पण मी न्हाई शिकवलं त्याला."

माझा विश्वास बसेना. बीपीची गोळी मामा जिभेखाली धरायचे आणि मामींची पाठ वळली की म्हशीच्या गव्हाणीत थुंकायचे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत.

"मामा, खरं सांगा. थुंकल्या का?"

"गिळल्या."

"सगळ्या?"

"लय मास्तरकी करू नको. घरी जा अन् पेटी उघडून बघ."

मामा दवाखान्यातच भरती होते; त्यांचं आधार कार्ड आणायला चारठाण्याला जायचंच होतं. पेटी उघडली. वरच मामींचं जांभळं पातळ, नीट घडी केलेलं. घडीत गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकूण एक फोडलेली. मी आणखीच गोंधळलो. पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटात गेली, असं कसं म्हणावं? गव्हाण होतीच की दारात.

शेजारच्या शांताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "रोज सकाळी पेटी उघडून बोलतेत बाबा ते. 'घेतली गं, ह्या खेपेला खरंच घेतली,' म्हणतेत."

परत येऊन मी डॉक्टरबाईंना सांगितलं, गोळ्या घेतल्यात.

"कशावरून?"

"मामींना सांगितलंय त्यांनी," एवढंच म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि गोळी बदलून लिहिली.

काही दिवसांनी तपासणीचा दुसरा कागद आला. जाळी बसवायला मामांना आत न्यायची ढकलगाडी आली, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"झालं का पातळ?"

"झालं, मामा."

त्यांनी लग्नातलं वरण पाहिल्यासारखं तोंड केलं. मग हळू विचारलं, "नव्या गोळीचं पाकीट फेकलं तर न्हाईस?"

"न्हाई."

"घडीत ठेव. गोळी बदलल्याचं तिला ठाऊक न्हाई अजून."