दुर्जयगड कैसा राखिला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस नमन करून लिहावयास घेतले. लिहिणाराने तलवार कधी उपसली नाही, पोथ्यांतच वय गेले, म्हणोन काही चुकले असल्यास वाचणारांनी पोटात घालावे. परंतु जे घडले ते ऐसेच घडले. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सर, भाद्रपद मासी एका राज्याचे लष्कर उत्तरेच्या पठारावर चढले. ते पठार कैसे म्हणाल, तर काळा खडक, त्यावर पुन्हा काळा खडक, आणि मध्ये भेगा ऐशा की घोड्याचा पाय गेला तर घोडा सोडूनच पुढे जावे. झाड पाहावे तर बोरीचे, आणि तेही वाऱ्याने एका अंगास वाकलेले. त्या मुलुखासाठी दोन राज्ये तीन पिढ्या भांडत आली होती. एकाने यावे आणि विहिरी दगडांनी बुजवाव्या, मग दुसऱ्याने यावे आणि आमराया तळाच्या जळणास तोडाव्या, आणि गावे इतक्या वेळा जळाली की लोकांनी छपरे शाकारणेच सोडिले. ऐशा मुलुखात ते लष्कर घेऊन सरलष्कर हैबतराव कोळसे महिनाभर हिंडले आणि शत्रू दृष्टीस पडला नाही, दगड मात्र पुष्कळ पडले.

आता हैबतरावांच्या राज्याची रीत अशी होती की दरसाल दसऱ्यास नव्या घेतलेल्या गडाची माती घटात भरून सिंहासनापुढे ठेवावी, आणि ज्या साली माती येणार नाही त्या साली सरलष्कराने पागोटे उतरून घरी बसावे. दसरा जवळ आला आणि हैबतरावांस झोप येईना. मग एके सकाळी दाट धुके असता टेकडीवर एक लांबट दगडी भिंत दिसली. पाच हात उंच नसेल, परंतु धुक्यात ती उंच भासली, आणि दगडांमधल्या फटी बंदुका रोखावयाच्या जंग्यांसारख्या दिसल्या. हैबतराव म्हणाले, "तट आहे. तोफ लावा." तोफ लागली, पूर्वेकडील भिंत ढासळली, आणि लष्कर हर हर करीत आत शिरले. आत कोणी नव्हते. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या मात्र घोटाभर होत्या. ते धनगरांचे मेंढ्या कोंडावयाचे कुंपण होते आणि धनगर पावसाळ्यापुरते दूर गेले होते. हे सर्वांस कळले. मग हैबतरावांनी खाकरून म्हटले, "गड रिकामा टाकून शत्रू पळाला. माती भरा."

माती दसऱ्यास पोहोचली. महाराजांस फार संतोष जाहला, तोफांची सरबत्ती जाहली, गडास दुर्जयगड नाव दिधले, आणि ती काळी माती हाती घेऊन महाराज म्हणाले, "मुलूख खडकाळ म्हणतात, पण माती कसदार आहे," आणि तिच्यात महालापुढे मोगरा लावविला, तो विलक्षण फोफावला. मग गडास किल्लेदार पाहिजे म्हणोन सिदोजीराव गव्हाळे यांस नेमिले. सिदोजीराव पन्नाशी उलटलेले, तीन लढायांत जखमी जाहलेले, आणि उभ्या हयातीत खोटे न बोललेले. त्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली की जिवात जीव आहे तोवर गड नाकारणार नाही. तेव्हा त्यांनी गड पाहिला नव्हता.

पन्नासएक माणसे घेऊन सिदोजीराव वर पोहोचले आणि कुंपण पाहून घोड्यावरच बसून राहिले. त्यांचा हवालदार राणोजी तोंडाचा मोकळा. तो म्हणाला, "किल्लेदार, महादरवाजा लावून घेऊ का?" आणि बोरीची काटेरी फांदी ओढून वाटेवर टाकिली. लोक हसले. परंतु कार्तिक सरला आणि हसणे थांबले. गड म्हटला की कोठार आलेच, बराकी आल्याच, ऐसे दरबारी समजून धान्यही पाठविले नाही आणि कांबळीही पाठविली नाहीत. मागावे तर गड गड नाही हे सांगावे लागे, आणि सांगावे तर शपथ मोडे, शिवाय हैबतरावांची मान जाई. भिंतीच्या खिंडारातून वारा ऐसा येई की सकाळी मिशांवर दंव गोठलेले असे. दोघे तापाने निजले आणि उठेनात. राणोजी म्हणाला, "धनी, ही माणसं पौषात ऱ्हात न्हाईत." सिदोजीरावांनी आपले कांबळे काढून तापकऱ्यांवर घातले.

मार्गशीर्षाच्या प्रारंभी धनगरांचा कळप परतला. पुढे धुळाई नावाची म्हातारी, हाती काठी, मागे तिचे लेक आणि तीनेकशे मेंढ्या. तिने काटेरी फांदी बाजूस सारिली, आत पाहिले आणि विचारिले, "कोण रं तुमी?"

सिदोजीराव उभे राहून म्हणाले, "आम्ही किल्लेदार."

"कुठल्या किल्ल्याचं?"

"ह्याच."

धुळाईने चहूकडे नजर फिरविली, मग म्हणाली, "बरं. भिंत कुणी पाडली?"

"युद्धात पडली."

"कुणासंगं युद्ध?"

सिदोजीराव खिंडाराकडे पाहू लागले. मग ती म्हणाली, "किल्लेदार, जरा सरका. माझ्या मेंढ्या गाभण हायती, वारा लागला तर कोकरं जगायची न्हाईत." आणि कळप आत शिरला. सिदोजीराव गडात परकी माणसे घेणे गैर हे जाणत होते, परंतु मेंढ्यांस ते कोण सांगणार. त्या दिवसापासून शिपाई मेंढ्यांमध्ये निजू लागले आणि त्यांच्या अंगच्या उबेने तापकरी उठून बसले. धुळाईने जुनी घोंगडी दिधली, दूध दिधले, आणि त्याबदली शिपायांनी लांडग्यांवर पहारा केला, खिंडारास काट्या लाविल्या आणि मेंढ्या वितेवेळी कोकरे हाती घेतली. राणोजी या कामी ऐसा वाकबगार जाहला की धुळाई त्यास म्हणे, "लढाई सोड रं बाबा, तुला बरा हात हाय." तो म्हणे, "आये, लढाई हाय कुठं सोडायला?"

मग पौषात गारांचा पाऊस जाहला आणि त्याच वेळी एक मेंढी जुळी व्याली. कोकरे थंडीने ताठू लागली. धुळाईने इकडे तिकडे पाहिले, सिदोजीरावांनी कुंपणावर रोविलेल्या काठीवरून राज्याचे निशाण उतरविले, जाड कापड होते, आणि त्यात कोकरे गुंडाळिली. सिदोजीराव धावत आले. म्हणाले, "बाई, निशाण उतरले म्हणजे गड गेला." ती म्हणाली, "गड ऱ्हाईल. कोकरू जाईल." सिदोजीरावांनी कोकरांकडे पाहिले, ती कापडात तोंड खुपसून बसली होती, मग ते फिरले, आणि काठी रिकामीच राहिली.

इकडे तोफांची सरबत्ती शत्रूनेही ऐकिली होती. हेरांनी जाऊन सांगितले की दुर्जयगड म्हणोन मोठे बळकट ठाणे उभे राहिले आहे. तेव्हा शत्रूचा सेनापती दहा हजार फौज आणि जड तोफा घेऊन निघाला, आणि दोन्ही राज्यांच्या लढायांत जितकी फौज पठारावर कधी आली नव्हती तितकी आली. एके सकाळी धुके विरले तो टेकडीखाली भालेच भाले. पळावे तर वाट नाही, लढावे तर एका घटकेत सर्व कापले जाणार. राणोजीने तलवारी लेंड्यांखाली सारिल्या आणि लोक घोंगडी पांघरून कळपात बसले. सेनापती घोड्यावरून वर आला आणि दाढी पिकलेला मनुष्य पाहून सिदोजीरावांसच विचारिता जाहला, "म्हाताऱ्या, इकडे दुर्जयगड कोठे आहे?"

सिदोजीरावांनी बेलभंडार उचलिला होता तो हात घोंगडीत आवळिला. गड कबूल करावा तर पन्नास माणसे मरतात आणि धुळाईची लेकरेही वाचत नाहीत. नाकारावा तर शपथ जाते, आणि शपथेवाचून सिदोजीरावांपाशी दुसरी मिळकत नव्हती. त्यांनी मागे पाहिले. राणोजी मांडीवर कोकरू घेऊन बसला होता आणि त्याचे डोळे त्यांच्यावर होते. मग सिदोजीराव स्पष्ट म्हणाले, "गड येथे नाही. कधी नव्हता. हे मेंढ्यांचे कुंपण आहे."

सेनापती रागावला. "तुमच्या राजाने त्यासाठी तोफा उडविल्या."

"उडविल्या खऱ्या."

"मग ही भिंत कोणी पाडली?"

धुळाईने सिदोजीरावांकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, "आलं हुतं एक लष्कर, तुमच्यासारखंच. वाट चुकून." सेनापतीने रिकामी काठी पाहिली, मेंढ्या पाहिल्या, नाकास शेला लाविला आणि घोडा वळविला. मग ती फौज दुर्जयगड शोधीत फाल्गुनापर्यंत पठारावर हिंडली. तोफांची चाके भेगांत मोडली, घोड्यांचे खूर फुटले, बुजलेल्या विहिरींत पाणी मिळेना, आणि शिमग्याच्या सुमारास सेनापती परत जाऊन आपल्या राजास म्हणाला, "गड अभेद्य आहे. वेढा घालावयास तो सापडतच नाही."

हे वर्तमान दरबारी आले आणि पाडव्यास सिदोजीरावांस बोलाविले. महाराजांनी आसन दिधले आणि विचारिले, "दहा हजार फौजेपुढे गड राखिला तो कैसा?" सिदोजीराव आसनावर बसले नाहीत. उभे राहून म्हणाले, "महाराज, गड नाही. मेंढ्यांचे कुंपण आहे. मी शत्रूपुढे गड नाकारिला आणि शपथ मोडिली, त्यास जी शिक्षा असेल ती व्हावी." हैबतरावांनी पागोट्यास हात लाविला. मग महाराज मोठ्याने हसले. "शत्रूस सांगितले तेच आम्हांसही सांगतो. गडाचा ठाव धन्यापुढेही उघड करीत नाही, ऐसा किल्लेदार पाहिला नाही. सिदोजी, तुम्हांस पाचशे माणूस आणि बारा तोफा देतो, गड आणखी बळकट करा."

सिदोजीरावांच्या ध्यानी आले की खरे दोनदा सांगून जाहले, तिसऱ्याने काही होणे नाही, आणि पाचशे माणूस वर गेले तर धुळाईच्या कळपास जागा उरत नाही. मग ते हात जोडून म्हणाले, "महाराज, माणसे ठेविली तर गड दिसू लागेल. दिसत नाही हेच त्याचे बळ. तेथे शिपायाने पाय ठेवू नये ऐसा हुकूम व्हावा, आणि जी धनगरीण तेथे मेंढ्या राखिते तिच्या नावे गड वंशपरंपरा लावून द्यावा." महाराज म्हणाले, "युक्ती खाशी आहे," आणि त्याच बैठकीत सनद जाहली.

वैशाखात सिदोजीराव राणोजीस घेऊन वर गेले आणि धुळाईस सनद वाचून दाखविली. तिने शेवटपर्यंत ऐकिले. मग म्हणाली, "कागद नीट ठेवा, मेंढी खाईल. आन् किल्लेदार, ती भिंत?" सिदोजीरावांनी अंगरखा उतरून बोरीवर टाकिला, मुंडासे कंबरेस गुंडाळिले, आणि ढासळलेल्या दगडांतला पहिला दगड उचलिला. राणोजीने दुसरा उचलिला.

तात्पर्य इतकेच की त्या पठारावर पुढेही लढाया पुष्कळ जाहल्या, मोठमोठे गड कधी इकडे कधी तिकडे गेले, परंतु दुर्जयगड कोणासही घेता आला नाही. पूर्वेकडील भिंत आजही उभी आहे आणि तिच्या आड वारा लागत नाही.