नोहेमीबाईंचा उसना आवाज

सोमवारी सकाळी नोहेमीबाई सातवीच्या वर्गात आल्या, हजेरी घ्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा बाहेर पडली.

याचं कारण शेजारचा अर्नुल्फो. रविवारी दुपारी त्याने कपाटाएवढे कर्णे अंगणात मांडून गाणी लावली होती. "आवाज कमी कर रे मेल्या!" असं बाई कुंपणावरून संध्याकाळपर्यंत ओरडत होत्या. गाणी काही थांबली नाहीत, बाईंचा आवाज मात्र थांबला. औषधवाल्याने घशात बॅटरी मारून बघितली आणि बजावलं, "आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

एरवी बाईंनी सरळ रजा टाकली असती. पण शुक्रवारी मोंतेरिया शहरातून तपासनीस येणार होते. बाई कित्येक वर्षं हंगामी होत्या, आणि त्यांना कायम करायचं की घरी बसवायचं हे त्या एका तासावर ठरायचं होतं.

"रजा घेतलीत तर पुढची तपासणी कधी, ते देवालाच ठाऊक," मुख्याध्यापक अदाल्बेर्तो सर म्हणाले. "फळ्यावर लिहा, खुणा करा, काय वाट्टेल ते करा. पण वर्गात उभ्या राहा."

बाईंनी फळ्यावर लिहायला घेतलं. पाठ फिरताच मागे बाजार भरला. त्या वळल्या की मुलं गप्प, लिहायला लागल्या की पुन्हा कल्ला. तिसऱ्यांदा खडू मोडला तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. त्याच वेळी शेवटच्या बाकावरून एक आरोळी आली.

"गप बसा रे! बाई रडायला लागल्या की!"

वर्ग चिडीचूप झाला. आरोळी यार्लेनिसची होती. तिची आई नदीकाठच्या बाजारात मासे विकायची आणि तिची हाक पलीकडच्या काठावरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जायची. लेकीने तोच घसा घेतला होता. वर्षभर बाईंची निम्मी ताकद या मुलीला गप्प करण्यात गेली होती, आणि गणिताशी तिचं सोयरसुतक नव्हतं. पण बुडत्याने निवड करत बसायची नसते. बाईंनी तिला पुढे बोलावलं आणि एका चिठ्ठीवर लिहिलं, 'मी लिहीन ते मोठ्याने वाच.'

"वजा गुणिले वजा बरोबर अधिक!" यार्लेनिसने वाचलं. खिडकीवरची कबुतरं उडाली. मग ती बाईंकडे वळली. "पण का?"

बाईंनी चिठ्ठीवर बोट आपटलं.

"ते वाचलं हो. पण का? आई मासा हुंगल्याशिवाय ताजा म्हणून ओरडत नाही. मी न कळता कशी ओरडू?"

'नियम आहे' एवढं सांगून बाईंनी आजवर हा धडा निभावून नेला होता. त्यांनी तेच लिहिलं. यार्लेनिसने ते वाचून मान हलवली. "हे नाही पटलं. बाकीच्यांना पटलं का रे?"

"नाही!" सगळा वर्ग म्हणाला.

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट आपल्यालाच ठाऊक नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं होतं.

मंगळवारी त्यांनी फरशीवर खडूने एक लांब रेघ ओढली. मधोमध शून्य, दाराकडे अधिकचे आकडे, भिंतीकडे वजाचे. दाराकडे तोंड करून त्या शून्यावर उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या. यार्लेनिस त्यांच्या पायांकडे बघत धावतं वर्णन करत होती.

"बाई सरळ चालल्या, दाराकडे आल्या. आता भिंतीकडे तोंड केलं, हा झाला पहिला वजा! आता उलटं चालतायत, हा दुसरा वजा! उलट्या... उलट्या... अगं बाई! तोंड भिंतीकडे आणि आल्या दाराकडे! अधिकात आल्या!"

बाई अधिकातच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उलट्या चालत दारातून बाहेर गेल्या आणि कॉफीचा पेला घेऊन येणाऱ्या अदाल्बेर्तो सरांवर आदळल्या. सरांचा पांढरा सदरा छातीपासून खाली तपकिरी झाला. पण वर्गात कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. सगळी पोरं रेघेवर उलटसुलट चालत तावातावाने भांडत होती, आणि भांडण गणितावर होतं.

बुधवारी घात झाला. तास रंगात आला होता आणि खिडकीतून एक गांधीलमाशी आत शिरली. बाईंना लहानपणापासून गांधीलमाशीची भयंकर भीती. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरले, मग दाराकडे फेकले, मग पुन्हा डोक्यावर घेतले. यार्लेनिसने त्या खुणा नीट बघितल्या आणि तिचे डोळे विस्फारले.

"भूकंप! बाई म्हणतायत, डोकी सांभाळा, बाहेर पळा!"

तिचा आवाज एका वर्गापुरता कधीच नसायचा. सहावी पळाली, आठवी पळाली, शिपाई घंटा बडवत पळाला. ती ऐकून चर्चवाल्यानेही घंटा वाजवायला घेतली. थोड्या वेळात अर्धा गाव मैदानात होता. पोरांच्या आया एक पाय चपलेत आणि एक उघडा अशा धावत आल्या. एक आजोबा तोंडाला दाढीचा फेस लावूनच आले.

"कुठाय भूकंप?" सगळ्यांची मोजदाद झाल्यावर अदाल्बेर्तो सरांनी दातओठ खात विचारलं.

बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. गांधीलमाशी काचेवर निवांत चालत होती.

गुरुवारी सरांनी बाईंना आणि यार्लेनिसला समोर उभं केलं. "उद्या हा मासळीबाजार मला नको. ही पोरगी शेवटच्या बाकावर बसेल आणि तोंडाला कुलूप लावेल. काय बाई, बरोबर ना?"

बाईंनी क्षणभर यार्लेनिसकडे बघितलं. नोकरीचा प्रश्न होता. त्यांनी मान डोलावली. ते बघून ती पोरगी एक अक्षर न बोलता निघून गेली. ती न बोलता गेली, हेच बाईंना फार लागलं.

शुक्रवारी सकाळी चुलीवर दूध उतू गेलं आणि बाई "अगं आई गं!" म्हणून ओरडल्या. आवाज आला होता! घोगरा होता, पण स्वतःचा होता. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तपासनीस ऑक्तावियो पाचेको त्या उकाड्यातही कोट घालून आले आणि पहिल्या बाकावर अवघडून बसले. बाईंनी हजेरी घेतली, नियम सांगितला, उदाहरणं सोडवली. पोरं मुकाट्याने उतरवून घेत होती. अदाल्बेर्तो सर दारात उभे राहून समाधानाने मान डोलवत होते. पाचेकोंनी जांभई दाबली.

"एक शंका आहे," ते अचानक म्हणाले. "वजाला वजाने गुणलं की अधिक. पण का?"

"कारण," बाई म्हणाल्या, "कारण शून्यावर उ..." आणि आवाज गेला. शिट्टीसारखा बारीक सूर निघाला, मग तोही बंद. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. हवा.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. पाचेकोंनी पेनाचं टोपण काढलं. फरशी तर सरांनी आदल्या दिवशीच धुवून घेतली होती, रेघेचा मागमूस नव्हता. बाईंनी शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि हात केला.

यार्लेनिस जागची हलली नाही. "मला गप बसायला सांगितलंय. तुम्हीच मान डोलावलीत."

सरांनी डोळे वटारले. बाईंनी मात्र सगळ्यांच्या देखत दोन्ही हात जोडले. ही खूण समजायला कुणाची मदत लागत नव्हती.

यार्लेनिस उठली. पुढे येऊन तिने खडू घेतला, फरशीवर सर्रकन रेघ ओढून आकडे टाकले आणि थेट तपासनिसांसमोर उभी राहिली. "उठा, काका."

"मी?"

"मग काय फळा उठणार? या शून्यावर. भिंतीकडे तोंड करा, हा पहिला वजा. आता उलटं चाला, हा दुसरा. घाबरू नका, मी सांगते कुठे थांबायचं."

पाचेको उठले. एक पाय मागे टाकला, मग दुसरा. पोरं पावलं मोजत होती.

"थांबा! आता खाली बघा. कुठे आलात?"

पाचेकोंनी खाली बघितलं. "सहावर," ते हळूच म्हणाले. "अधिक सहावर!" मग त्यांनी कोट काढून बाकावर टाकला. "थांब, थांब. आता एकच वजा घेऊन बघू. सर, तुम्हीपण या इकडे!"

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मुख्याध्यापक वजा चारवर उभे होते आणि तिथे का उभे आहेत, हे पोरं त्यांना तिसऱ्यांदा समजावत होती.

"बाई, तुम्हाला मी कायम करतोय," घाम पुसत पाचेको म्हणाले. "आणि अजून एक. पुढच्या महिन्यात मोंतेरियात सगळ्या शाळांच्या शिक्षकांपुढे तुम्ही भाषण करायचं. विषय, शिक्षकाने वर्गात कमी का बोलावं. चांगलं दोन तास बोला."

बाईंचं धाबं दणाणलं. सभेत उभं राहून त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. त्या दोन्ही हात जोरजोरात हलवून, मान झटकून नाही नाही म्हणू लागल्या.

"काय म्हणतायत?" पाचेकोंनी विचारलं.

यार्लेनिसने बाईंच्या हातांकडे अगदी लक्ष देऊन बघितलं.

"बाई म्हणतायत," ती म्हणाली, "दोन तास कमी पडतील."