सहा नंबरची मोकळी जागा

बब्रुवानअण्णा एंटरचं बटण दाबत नाहीत, हाणतात. आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब वरच्या मजल्यावर आहे, पण अण्णांनी एंटर हाणला की खालच्या ग्रंथपालांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. आजवर तीन कीबोर्ड त्यांच्या हातून देवाघरी गेले. चौथ्यानं म्हणे बदलीसाठी अर्ज दिलाय.

अंबाजोगाईच्या या कॉलेजात मी शिकवतो आणि अण्णा लॅबच्या चाळीस मशीन अन् एक सर्व्हर सांभाळतात. माऊस मात्र त्यांनी जन्मात धरला नाही. "लाडावलेलं लेकरू हाय ते. कुठं बी फिरतंय. आपल्याला नंबर बरा."

तर हा नंबर म्हणजे अण्णांचा मेनू. वीस वर्षं ते एकच गोष्ट लिहितायत, पुसतायत, डागडुजी करतायत. काळ्याकुट्ट पडद्यावर, पलीकडच्या गल्लीतूनही वाचता यावीत एवढाली पांढरी अक्षरं:

१. नवा माणूस आलाय
२. पासवर्ड इसरला
३. प्रिंटर रुसला
४. डिस्क भरली
५. नेट गेलं
७. कोण कोण बसलंय
८. पोरांचं काम जपून ठेवा
९. समद्या मशीन बंद करा
०. जातो, राम राम

नंबर दाबला की मशीन आधी टूं करतं. साध्या कामाला एक टूं, धोक्याच्या कामाला तीन. मग विचारतं, "नक्की का?" तुम्ही 'ह' दाबून एंटर मारला की पुन्हा विचारतं, "परत इचार केला का?" पुन्हा 'ह', पुन्हा एंटर. तेव्हा कुठं काम होतं. या खोडीपायी अण्णांचं लग्न अर्धा तास लांबलं, असं त्यांचे मेहुणे सांगतात. भटजी 'सावधान' म्हणाले आणि अंतरपाटाआडून अण्णांचा आवाज आला, "नक्की का?"

गेटवरचे चहावाले रफीकभाई याचं उट्टं रोज काढतात. अण्णा म्हणतात, "एक चहा."

"पक्का क्या, अण्णा?"

"पक्का."

"परत इचार केला का?"

"ओत की बे!"

अण्णांची आणखी एक गंमत मीच स्टाफरूममध्ये पिकवली होती. एका दुपारी मी लॅबमध्ये गेलो तर अण्णा मेनूपुढं डोळे गच्च मिटून बसलेले, आणि बोटं मात्र चालू. मी संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलेजात पसरवून टाकलं की अण्णा झोपेतसुद्धा सर्व्हर चालवतात, आणि घोरण्याच्या जागी टूं करतात.

पण मला खरी सलत होती ती सहा नंबरची जागा. पाचानंतर एकदम सात! पूर्वी तिथं कसलंसं काम होतं, ते यंत्र भंगारात गेलं, अण्णांनी ओळ काढली आणि जागा तशीच ठेवली. मी कितीदा म्हटलं, "अण्णा, नंबर वर सरकवा. पडलेल्या दातासारखं दिसतंय."

"दिसू दे."

"अहो पण कावून?"

"मास्तर, ज्याचा नंबर त्याच्यापाशी. हलवायचा न्हाई."

प्राचार्यांनी एकदा माऊसवर चालणारा रंगीत कार्यक्रम आणायचं काढलं. अण्णांनी इतका विरोध केला की प्राचार्य त्यांना भर मीटिंगमध्ये 'जुनाट' म्हणाले. अण्णा मान खाली घालून बसले, पण हटले नाहीत. हा माणूस स्वतःच्या मेनूच्या प्रेमात पडलाय, हे आमचं निदान तेव्हाच पक्कं झालं.

गेल्या परीक्षेच्या तोंडावर अण्णा पुतण्याच्या लग्नाला घाटनांदूरला गेले. जाताना पासवर्ड माझ्या हाती दिला. "लागला तर असू दे. पर मेनूच्या फायलीला हात लावायचा न्हाई. नक्की का?"

"नक्की."

"परत इचार."

मी परत विचार केला आणि त्याच दुपारी फाईल उघडली. शिकलेल्या माणसाला मोकळी जागा बघवत नाही. सहाच्या जागी मशीन न वाचणारी, माणसासाठी लिहिलेली शेऱ्याची एक ओळ होती. अण्णांचं काहीतरी पाल्हाळ असणार म्हणून मी ती न वाचताच उडवली. साताचा सहा केला, आठाचा सात, नवाचा आठ. मेनू कसा बत्तीशी बसवल्यासारखा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक खुर्चीत, चाळीस पोरं मशीनवर. अर्ध्या तासानं पोरांच्या कामाची प्रत सर्व्हरवर ठेवायची, हे काम पारूमावशींचं. मावशी आमच्या लॅबच्या शिपाई. मूळ गाव दिंद्रुड, आणि कामात घड्याळाच्या काट्यासारख्या. त्या शांतपणे येऊन सर्व्हरपुढं बसल्या. आठ दाबलं. टूं, टूं, टूं. ह, एंटर. ह, एंटर.

चाळीस पडदे एकदम काळे झाले.

त्यानंतर जो गलका झाला तो योगेश्वरीच्या देवळापलीकडं ऐकू गेला असेल. परीक्षक उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. पोरांचा अर्धा तास पाण्यात. मी मावशींवर ओरडलो, "मावशी, एवढं मोठ्या अक्षरात लिहिलंय की, समद्या मशीन बंद करा!"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "तीन येळा टूं झालं, सर. म्हनलं, अण्णांनी काही नवं बसवलं आसंल."

त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या, पण नजर माझ्या कानापलीकडच्या भिंतीवर होती.

निरोप मिळताच अण्णा लग्नाच्या फेट्यासकट आले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही शेजारी शेजारी उभे. मी तोंड उघडलं मात्र, अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला. तोच तो एंटरवाला जोर.

"साहेब, फाईल माझी. नंबर सरकले ती चूक माझी."

प्राचार्यांनी त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं. वीस वर्षांत लागलेला पहिला शेरा. परीक्षा दुपारी पुन्हा झाली आणि विषय मिटला.

बाहेर जिन्यात मी म्हणालो, "अण्णा, मी केलं होतं. सांगू द्यायचं."

"मंग चौकशी बसली आसती. अन् चौकशीत पयला सवाल काय इचारला आसता? बाईनं वाचलं कावून न्हाई." अण्णांनी पायरीवर बसून फेटा काढला, गुडघ्यावर ठेवला. "साखरेनं डोळे खाल्ले तिचे. उजेड-अंधार कळतो, माणसाचा आकार कळतो, अक्षर न्हाई. दोन वर्सं राह्यलीत नोकरीची. लेक-सून ऊसतोडीला जातेत, दोन नातवंडं तिच्यापाशी. आता घरी बसवलं तर काय करंल?"

"पण मग त्या मेनू कसा…"

"मोजती. बोटानं मोजती, कानानं आइकती. तुमाला तर दिसतंय ना बे? मंग एका मोकळ्या जागेनं तुमचं काय दुखत व्हतं?"

आम्ही दोघं वर लॅबमध्ये गेलो.

फायलीची जुनी प्रत अण्णांनी ठेवलेली होतीच. नंबर जागेवर नेताना मी ती उडवलेली ओळ पहिल्यांदा वाचली. सहाच्या जागी अण्णांनी लिहिलं होतं: "इथं काही भरू नका. पारूबाईची बोटं चुकतील."

मी ती परत बसवली, अक्षर न् अक्षर तपासून.

"झालं का?" अण्णा मागून म्हणाले. "सरका आता."

ते खुर्चीत बसले. डोळे गच्च मिटले. चाचपत बोट आठावर नेलं आणि दाबलं. एकच टूं झाला. तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. पहिल्या नंबरापासून एकेक करून सगळा मेनू तसाच अंधारात फिरून आले. त्या दिवशी एंटरही त्यांनी अगदी हळू दाबला. खाली ग्रंथपालांना कळलंसुद्धा नसेल.