जाहिरात लागली की विचारतो

ब्रेमेनमध्ये बसून मराठी मालिका बघायची असेल, तर मालिका संपेपर्यंत माणसाला इचलकरंजीत असावं लागतं. बाकी ॲप वापरायला सोपं होतं.

निशिकांत लायकरला ते महाराष्ट्र मंडळातल्या आपट्यांनी सांगितलं. एरवी वाहिनी 'हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही' म्हणून तोंडावर दार लावून घ्यायची. या ॲपमध्ये गावाकडचा पत्ता घालायचा, बटण दाबायचं, की वाहिनीला वाटतं आपण तिथेच आहोत. आणि वाहिनीला एकदा वाटलं की आपण तिथेच असतो. आपट्यांनी स्वतः वेग चांगला मिळतो म्हणून नागपूर निवडलं होतं. नागपुरात त्यांचं काळं कुत्रंही ओळखीचं नव्हतं. ते रोज एका अनोळखी कुटुंबाच्या दिवाणावर जाऊन बसायचे. सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं, पण आता तिथे त्यांच्याही वाटचा चहा टाकतात.

निशिकांतने घरचाच पत्ता घातला. ब्रेमेनला पाच वाजले की इचलकरंजीत साडेनऊ होतात. पाचला तो अण्णांच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या डाव्या टोकाला असायचा. इकडे ब्रेमेनच्या सोफ्यावर त्याच्या जागची गादी तेवढी दबलेली राहायची. मृण्मयी, त्याची बायको, तो खळगा सोडून बाजूला कपड्यांच्या घड्या घालत बसायची.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. सूतगिरणीतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून एकटे. पहिल्या दिवशी त्यांनी मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "आलास व्हय? सरक जरा, रिमोट तुझ्याखाली हाय." मग परत पुढे बघू लागले.

ॲपचा नियम एकच होता. मालिका चालू असेतोवर जागचं हलायचं नाही. उठलं की ब्रेमेन. एकदा अण्णांना ठसका लागला, तेव्हा निशिकांत टीपॉयवरचा पाण्याचा पेला घेऊन उठला आणि पेल्यासकट मृण्मयीच्या समोर येऊन उभा राहिला. पेला त्याने दुसऱ्या दिवशी परत नेला. "काल नुसतंच खोकलो," अण्णा म्हणाले.

दुसरा नियम लायकरांच्या घरचा होता आणि तो ॲपपेक्षा जुना होता. मालिका चालू असताना बोलायचं नाही. जे काय असेल ते जाहिरात लागल्यावर. निशिकांतचे दहावीचे मार्क, आत्याचं मोडलेलं लग्न, आईच्या पोटातली गाठ, सगळं या घरात जाहिरातीतच सांगितलं गेलं होतं. आईची गाठ तर दोन जाहिरातींत मिळून.

त्यामुळे बापलेक आता जाहिरातीत बोलू लागले. फोनवर 'बरं हाय, ठेव' याच्यापुढे न जाणारे अण्णा शेजारच्या सातपुते काकूंचा गुडघा, नळाचं पाणी, बंद पडलेले माग, सगळं सांगायचे. इतका वेळ निशिकांत वडिलांजवळ शाळा सुटल्यापासून बसला नव्हता. त्याला बरं वाटायचं. रोज भेटतोयच म्हटल्यावर त्याने विमानाची तिकिटं काढणं सोडून दिलं, आणि त्यातही त्याला काही वावगं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. आई गेल्यावर तो एकदा म्हणाला होता, "अण्णा, चला तिकडेच." अण्णा म्हणाले, "बघू." लायकरांच्या घरात 'बघू' म्हणजे 'परत एकदा विचार'. हे निशिकांतला चांगलं ठाऊक होतं. त्याने परत विचारलं नाही. फ्लॅट लहान आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

पण सुख माणसाला टोचतं. जाहिरातीत एक सून रोज तीच आमटी ढवळायची, सासरा रोज तोच वास घेऊन हिंगाचं नाव सांगायचा. निशिकांत वैतागला. ॲपवर 'जाहिरातमुक्त वार्षिक प्लॅन' असं दिसलं आणि त्याने कुणाला न विचारता बटण दाबलं. अण्णांनाही बरं वाटेल, असं वर त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मालिका सलग सुरू झाली. हॉलमध्ये निशिकांत असल्यामुळे अण्णांच्या टीव्हीलाही तोच प्लॅन लागू झाला होता. मध्येच अण्णा वळले. "निशी, तुला एक विचारायचं हुतं. जाहिरात लागली की विचारतो."

जाहिरात लागली नाही. सासू रडली, दार वाजलं, भाग संपला, ब्रेमेन.

तिसऱ्या दिवशीही तेच. अण्णा शब्द तोंडात धरून पडद्याकडे बघत बसायचे. शेवटी निशिकांत म्हणाला, "अण्णा, आत्ताच विचारा की."

"गप. चालू हाय."

त्याने फोन केला. "फोनवर कशाला?" अण्णा म्हणाले. "येतोस की रात्री."

मग त्याने ॲपच्या ग्राहक सेवेला फोन लावला.

"मला जाहिराती परत हव्यात."

"सर, जाहिराती बंद झाल्या नाहीत अशी तक्रार आहे का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"बंद झाल्या, हीच तक्रार आहे."

"असा पर्याय माझ्याकडे दिसत नाही, सर. वर्ष संपलं की जुना प्लॅन आपोआप सुरू होईल."

"दुसरं खातं काढलं तर?"

"एका सोफ्याला एकच खातं, सर."

"अहो, वडिलांना मला काहीतरी विचारायचंय."

"वडील रोज आपल्या शेजारीच बसलेले इथे दिसतात, सर," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "आणखी काही मदत करू शकते का?"

मदत एकच होती, ती म्हणजे विमान. ख्रिसमसला जाऊ, असं निशिकांतने ठरवलं. मग ऑफिसात काम निघालं, मग उन्हाळ्यात जाऊ असं ठरलं. रोज पाचला तो अण्णांच्या शेजारी बसायचा आणि दोघेही जाहिरातीची वाट बघायचे.

मार्चमध्ये एका दुपारी अण्णा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

निशिकांत विमानाने गेला. इचलकरंजी इतकी लांब आहे, हे तो विसरला होता. सगळं आटोपल्यावर सातपुते काकू लंगडत आल्या आणि त्याच्याजवळ बसल्या.

"इचारलं का रं तुला अण्णांनी?"

"काय?"

"तिकडं थंडी किती असती म्हणून. कोल्हापूरला जाऊन कानटोपी आणली हुती की. रोज घालून बघायचे आरशात. मी म्हटलं, अवो, पोरगा शेजारी बसतोय, इचारा की. तर म्हणाले, मालिका चालू असताना कसं इचारायचं? जाहिरात लागू दे."

निशिकांतला तिथेच रडू कोसळलं. काकूंनी त्याला रडू दिलं.

मेन स्विच बंद करून, कुलूप लावून तो ब्रेमेनला परतला. कानटोपी बरोबर आणली. वर्ष संपलं आणि ठरल्याप्रमाणे जुना प्लॅन आपोआप सुरू झाला. मृण्मयी म्हणाली, "नको बघूस." पण पाच वाजले होते.

हॉलमध्ये अंधार होता, टीव्ही चालू होता. निशिकांत डाव्या टोकाला बसला होता. उजव्या टोकाला कुणी नव्हतं. तिथली गादी तेवढी दबलेली होती. असा खळगा ब्रेमेनमध्ये रोज पडतो, त्यामुळे त्याला आश्चर्य वाटलं नाही. अण्णा दुसरीकडे कुठेतरी बघत बसले असणार.

तो थांबला. सासू रडली, दार वाजलं, आणि जाहिरात लागली. सून आमटी ढवळू लागली.

"थंडी असते अण्णा," निशिकांत भराभर म्हणाला. "पण घरात नसते, घर गरम असतं. कानटोपी फक्त बाहेर जाताना लागेल. फ्लॅट लहान नाहीये, मीच तसं म्हणत होतो. तुम्ही या. मी परत विचारायला हवं होतं. मृण्मयी पण म्हणते की—"

सासऱ्याने हिंगाचं नाव सांगितलं आणि मालिका सुरू झाली. निशिकांत गप्प बसला.